प्रस्तावना : अश्रूंची वाट आणि तिच्यातले अडसर

डोळ्यातून पाणी गळते ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्यामागे एकमेकींहून अगदी भिन्न अशा दोन स्थिती असू शकतात. पहिल्या स्थितीत अश्रू गरजेपेक्षा अधिक तयार होतात; धूर, धूळ, आत वळून बुबुळाला घासणारा पापणीचा केस, बुबुळावरचा ओरखडा, किंवा वरकरणी विसंगत वाटेल असा डोळ्याचा कोरडेपणा, ही त्याची कारणे होत. दुसऱ्या स्थितीत अश्रू नेहमीइतकेच तयार होतात, पण त्यांना नाकात उतरवणारी वाट कुठेतरी अडलेली असते आणि न मावलेले पाणी पापणीच्या काठावरून गालावर ओघळते. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी-आष्टी भागातल्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘डोया गयते’ एवढ्या दोन शब्दांत या दोन्ही स्थिती सामावतात, आणि रुग्णाने त्यांत भेद करावा अशी अपेक्षाही नाही. तो करण्याची जबाबदारी तपासणाऱ्याची आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय दुसरी स्थिती, म्हणजे निचऱ्याचा अवरोध, हा आहे. अवरोध ‘आहे’ एवढे कळून भागत नाही, तो नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कळावे लागते, आणि ते रचनेच्या ज्ञानावाचून कळत नाही, ही या ग्रंथाची मूळ भूमिका आहे.

या वाटेला ‘अश्रुमार्ग’ म्हणण्याची रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून त्यांपैकी ९ रोग संधिगत, म्हणजे डोळ्याचे निरनिराळे भाग जेथे एकमेकांना मिळतात अशा ठिकाणी होणारे, मानले आहेत. नाकाकडच्या कोपऱ्याला तेथे कनीनक संधी असे नाव आहे. या संधीत सूज येऊन ती पिकते आणि तीतून दाट, दुर्गंधी पू येतो, त्या रोगाला ‘पूयालस’ म्हटले आहे. आणि दोष अश्रुमार्गाने संधीत जाऊन जे न दुखणारे स्राव उत्पन्न करतात, त्यांचे चार प्रकार सांगून त्यांनाच काही जण ‘नेत्रनाडी’ म्हणतात अशीही नोंद केली आहे. दुखणारी, पिकणारी सूज वेगळी आणि न दुखता वाहत राहणारा स्राव वेगळा, हा भेद आजच्या शल्यचिकित्सकालाही पहिल्याच भेटीत करावा लागतो. तथापि जुन्या संज्ञा आणि आजची निदाने यांची जोडी तंतोतंत जुळवण्याचा हव्यास या ग्रंथात टाळला आहे. निरीक्षणाचा मान निरीक्षणाला द्यावा, त्यावर आजचे शवविच्छेदन लादू नये. मराठीत या आजाराला ‘लासरू’ असे नाव आहे आणि त्वचेला भोक पडून पू वाहू लागला की त्याला ‘नासूर’ म्हणतात. हे दोन्ही शब्द येथे मोकळेपणाने वापरले आहेत, कारण रुग्णाच्या तोंडी तेच असतात.

अश्रू कोठून येतात याविषयी युरोपातही दीर्घकाळ गैरसमज होता. ते मेंदूतून पाझरतात अशी समजूत प्रचलित होती. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत अश्रुग्रंथीच्या सूक्ष्म नलिका दाखवून दिल्या आणि अश्रूंचा उगम डोळ्याच्या खोबणीतच आहे हे स्पष्ट झाले. ही मुख्य ग्रंथी खोबणीच्या वरच्या, कानाकडील कोपऱ्यात असते आणि वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पसरट कंडरेमुळे तिचे दोन खंड पडतात. तिच्याखेरीज पापणीच्या आतल्या अस्तरात क्राउझ आणि वोल्फ्रिंग यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या ग्रंथी विखुरलेल्या असतात व नेहमीचा ओलावा राखण्यात त्यांचाही वाटा असतो. उगमाबद्दल एवढे पुरे. या ग्रंथाचे लक्ष निचऱ्यावर आहे.

पापणी मिटली की अश्रूंचा पातळ थर कानाकडून नाकाकडे ढकलला जातो आणि आतल्या कोपऱ्यातल्या छोट्या खळग्यात जमतो. या खळग्याच्या बाजूला वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर एकेक बारीक छिद्र असते. त्याला अश्रुरंध्र म्हणतात. त्याचा व्यास साधारण ०.३ मिलिमीटर असतो आणि आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढली तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रंध्राचे तोंड बाहेर नसून आत, डोळ्याच्या गोळ्याकडे, वळलेले असते, म्हणजे ते जमलेल्या पाण्यात बुडालेले राहते. उतारवयात खालची पापणी सैल होऊन बाहेर उलटली की रंध्र पाण्यापासून दूर जाते, आणि पुढची सगळी वाट मोकळी असूनही डोळा गळत राहतो. अशा रुग्णात नाकाजवळच्या हाडात शोध घेण्यात अर्थ नसतो. पापणी जागेवर आणावी लागते.

रंध्रापासून सूक्ष्मनलिका सुरू होते. ती प्रथम सुमारे २ मिलिमीटर उभी जाते, मग जवळजवळ काटकोनात वळून सुमारे ८ मिलिमीटर पापणीच्या काठाला समांतर नाकाकडे धावते. बहुतेक माणसांत वरची आणि खालची नलिका एकत्र येऊन एकच आखूड नलिका होते आणि तीच अश्रुपिशवीत उघडते. या संगमाजवळ अस्तराची एक घडी असते. रोझेनम्युलरच्या नावाने ओळखली जाणारी ही घडी झडपेसारखे काम करते आणि पिशवीतला द्रव उलटा डोळ्यात येऊ देत नाही. वाटेतल्या काटकोनाचे महत्त्व व्यवहारात लगेच जाणवते: ज्याला तो ठाऊक नाही, तो तपासणीची बोथट सुई सरळ खाली लोटतो आणि नलिकेच्या भिंतीला भोक पाडून एक खोटी वाट तयार करतो. नैसर्गिक अवरोधापेक्षा असा मानवनिर्मित अवरोध दुरुस्त करणे पुष्कळ अवघड असते.

अश्रुपिशवी नाकाच्या मुळाशी, हाडाच्या एका खोलगट जागेत बसलेली असते. या खोबणीची पुढची कड वरच्या जबड्याच्या हाडाची आणि मागची कड अश्रु-अस्थी नावाच्या, नखाएवढ्या आणि नखाहून पातळ हाडाची असते. पिशवीची उंची साधारण १२ ते १५ मिलिमीटर असून तिचा वरचा भाग पापण्यांना नाकाकडे बांधून ठेवणाऱ्या आडव्या बंधाच्या मागे दडलेला असतो. म्हणूनच पिशवी पिकली की सूज या बंधाच्या खाली उमटते. बंधाच्या वर आलेला कठीण फुगवटा दिसला, तर तपासणाऱ्याने लासरूचे निदान बाजूला ठेवून गाठीचा, प्रसंगी कर्करोगाचाही, विचार केला पाहिजे. पिशवी खाली निमुळती होत नासाश्रुनलिकेत रूपांतरित होते. १२ ते १८ मिलिमीटर लांबीची ही नलिका हाडाच्या बोगद्यातून खाली, मागे आणि थोडी बाहेरच्या बाजूला उतरते आणि नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील सर्वांत खालच्या शंखाकृती हाडाच्या आडोशाला उघडते. तेथेही अस्तराची एक घडी असते. तिला हास्नरची झडप म्हणतात. रडताना नाक वाहते, आणि डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव थोड्या वेळाने घशात येते, ही या वाटेची रोजच्या अनुभवातली साक्ष होय.

तथापि ही वाट म्हणजे नुसते उताराचे पाइप नव्हे. दर मिनिटाला सुमारे पंधरा वेळा होणारी पापण्यांची उघडझाप हा एक पंप आहे. पापणी मिटणाऱ्या वर्तुळाकार स्नायूचे काही तंतू सूक्ष्मनलिकांभोवती आणि पिशवीच्या मागे बांधलेले असतात. ते आकुंचन पावले आणि सैल झाले की द्रव ओढला जातो आणि पुढे ढकलला जातो. अमेरिकी शल्यचिकित्सक लेस्टर जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या यंत्रणेचे सविस्तर विवेचन केले. तिच्या तपशिलांविषयी पुढे मतभेद झाले, पण स्नायूशिवाय निचरा नाही हे मात्र निर्विवाद राहिले.

हा मुद्दा वर्धा जिल्ह्याला पुस्तकाबाहेरून ठाऊक आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेले काम, सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केलेली परचुरेशास्त्रींची शुश्रूषा, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानातून डॉ. वारदेकर यांनी रुजवलेली पाहणी, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची पद्धत, यांमुळे हा जिल्हा देशातील कुष्ठकार्याचे एक केंद्र ठरला. कुष्ठरोगात चेहऱ्याच्या मज्जातंतूची पापणीकडे जाणारी शाखा निकामी झाली की डोळा पुरता मिटत नाही, खालची पापणी लोंबते, रंध्र बाहेर वळते आणि पंप थांबतो. अशा रुग्णाच्या नलिकेतून पिचकारीने पाणी सोडले तर ते विनासायास घशात उतरते. वाट मोकळी असते, पण वाहून नेणारे बळ गेलेले असते. त्याच वेळी दुसऱ्या मज्जातंतूच्या आजारामुळे बुबुळाची संवेदना बोथट झालेली असल्याने तेथे पडलेली जखमही त्याला जाणवत नाही. याखेरीज नाकातले अस्तर आणि हाडे झिजवणाऱ्या कुष्ठप्रकारात नासाश्रुनलिकेचे खालचे तोंडही बंद होऊ शकते. एकाच आजारात निचऱ्याच्या दोन निरनिराळ्या अपयशांचे असे दर्शन अन्यत्र क्वचित घडते, आणि म्हणून या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

नवजात बालकाचा अवरोध ही वेगळी कथा आहे. गर्भावस्थेत ही नलिका प्रथम पेशींच्या भरीव दोरीच्या स्वरूपात चेहऱ्याच्या दोन उंचवट्यांमधल्या खाचेत रुतते आणि नंतर आतून पोकळ होत जाते. ही पोकळी सर्वांत शेवटी खालच्या टोकाला, हास्नरच्या झडपेपाशी, पूर्ण होते. जन्माच्या वेळी तेथे पातळ पडदा शिल्लक राहिला तर बाळाचा डोळा पाणावतो, सकाळी चिपडांनी चिकटतो आणि कोपरा दाबला की चिकट स्राव वर येतो. असा पडदा दहापैकी नऊ बाळांत पहिल्या वर्षाच्या आत आपोआप उघडतो. त्याला मदत म्हणून आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवून पिशवीवरून खाली नाकाच्या बाजूला दाब देत मालीश करतात. १९२३ मध्ये क्रिग्लर यांनी सांगितलेल्या या कृतीचे तत्त्व असे की पिशवीतल्या द्रवाचा दाब खाली वाढून पडदा फाटावा. केवळ त्वचा चोळली तर हे घडत नाही. आणि घरोघरी होणारी मालीश बहुधा तशीच, त्वचा चोळण्याचीच, असते. बाळाच्या डोळ्यात काजळ, एरंडेल किंवा अंगावरचे दूध घालण्याची रीत प्रेमाची असली तरी तिने पडदा उघडत नाही, आणि काजळाचे कण आधीच मंदावलेल्या वाटेत साचतात. वर्षभरानंतरही पाणी थांबले नाही तर भूल देऊन बारीक सळई घालण्याची वेळ येते. एक इशारा मात्र येथेच देणे आवश्यक आहे: पाणावलेला डोळा उजेड सहन करत नसेल आणि बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो अश्रुमार्गाचा नव्हे, डोळ्यातील दाब वाढण्याचा जन्मजात आजार असू शकतो, आणि त्याला वर्षभर थांबण्याची मुभा नसते.

प्रौढांमधला नासाश्रुनलिकेचा अवरोध बहुतांशी कोणतेही एक बाह्य कारण न सापडता, अस्तराची दीर्घकालीन सूज आणि नंतरची तंतुमय जखडण यांतून होतो. मध्यम वयाच्या आणि वृद्ध स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा लक्षणीय अधिक आढळतो; स्त्रियांत हाडाचा बोगदा तुलनेने अरुंद असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. वाट बंद झाली की पिशवी म्हणजे साचलेले डबके होते, आणि साचलेल्या पाण्यात जे होते तेच येथे होते: जंतू वाढतात, श्लेष्मा घट्ट होतो, कोपरा फुगतो. आजार तीव्र झाला तर पिशवी लालबुंद होऊन ठणकते आणि फुटून नासूर पडतो. हा तीव्र प्रकार रुग्णाला दवाखान्यात आणतो. जुनाट प्रकार दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे सोसला जातो, आणि खरा धोका त्याच्यात आहे.

तो धोका समजण्यासाठी या जिल्ह्यातल्या शेतीकडे पाहावे लागते. पऱ्हाटीच्या बोंडाचे टोक, तुरीचे धसकट, सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरमधून उडणारे कुटार, यांपैकी कशानेही पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक ओरखडा उठू शकतो. निरोगी डोळ्यात असा ओरखडा बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो. पण ज्याच्या पिशवीत न्यूमोकोकससारखे जंतू पोसलेले आहेत, त्याच्या डोळ्यात प्रत्येक उघडझापेबरोबर पू परत येत असतो, आणि त्या ओरखड्याचा काही दिवसांत व्रण होतो, बुबुळामागे पू साचतो आणि शेवटी ‘फूल’ पडून दृष्टी जाते. शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत दोन्ही जोखमी एकाच ठिकाणी येतात: अवरोधाची शक्यता तिच्यात अधिक, आणि वेचणीपासून निंदणीपर्यंतची वाकून करायची कामे तिच्याच वाट्याला. दुसरा धोका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा. डोळ्याच्या आत हत्यार जाताना शेजारी पूने भरलेली पिशवी असणे म्हणजे संपूर्ण डोळा सडण्याला आमंत्रण होय. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर खेड्यांतल्या शिबिरांमधून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होऊ लागल्या, तेव्हा पिशवीवर बोट दाबून पाहणे आणि पिचकारीने वाट तपासणे ही पूर्वतपासणीची अट ठरली. ही अट कंटाळवाणी वाटत असली तरी तिच्यात सवलत देण्याचे कारण नाही.

पिचकारीची ही तपासणी, जिला दवाखान्यात सिरिंजिंग म्हणतात, १७१३ च्या सुमारास डोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने वापरात आणली आणि तिचे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. खालच्या रंध्रातून सोडलेले पाणी कोठून, कसे आणि कशाच्या सोबत परत येते, यावरून अवरोधाचे ठिकाण वाचता येते. पाणी घशात उतरले तर वाट मोकळी. त्याच रंध्रातून लगेच स्वच्छ परत आले तर अडसर त्या सूक्ष्मनलिकेतच. वरच्या रंध्रातून लगेच स्वच्छ आले तर दोन नलिकांच्या संगमापाशी. वरच्या रंध्रातून थोड्या वेळाने, पू किंवा श्लेष्मा घेऊन आले तर पाणी पिशवीपर्यंत पोचून, ती भरून परतले आहे, म्हणजे अडसर तिच्या खाली. शिकाऊ डॉक्टर पुष्कळदा ‘सिरिंजिंग बंद’ एवढीच नोंद करतात. ती नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण वरील तीन अवरोधांच्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या आहेत. रंगद्रव्याचा थेंब घालून पाच मिनिटांनी किती रंग डोळ्यात उरला हे पाहण्याची चाचणी याला पूरक असून ती रडणाऱ्या बालकातही करता येते.

मध्य भारतात, विशेषतः छत्तीसगडात आणि त्याला लागून असलेल्या तळ्यांच्या मुलखात, आढळणारे आणखी एक कारण राइनोस्पोरिडिओसिस हे होय. साचलेल्या पाण्यात पोहणाऱ्यांच्या नाकात पांढरे ठिपके असलेली, स्पर्शाने भळभळणारी लाल गाठ येते आणि ती कधी अश्रुपिशवीतही शिरते. ग्विलेर्मो सीबर यांनी १९०० मध्ये ब्यूनस आयर्स येथे वर्णन केलेला हा सूक्ष्मजीव दीर्घकाळ बुरशी समजला जाई. आता त्याची गणना बुरशीत होत नाही. पिशवी फुगलेली असूनही पाणी आत जाते आणि अश्रूंत रक्त येते, अशा तरुण रुग्णात याची आठवण ठेवावी.

शस्त्रक्रियेचा इतिहास या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात सविस्तर आला आहे. फ्लॉरेन्सच्या अदेओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडलेली कल्पना साधी होती: बंद नलिका उघडण्याचा खटाटोप सोडावा आणि पिशवी व नाक यांच्यामधले हाड काढून त्या दोहोंची थेट गाठ घालून द्यावी. १९२१ मध्ये द्युप्वी-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवीचे आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवण्याची पद्धत जोडली. डीसीआर या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आज त्वचेवर छेद घेऊन किंवा नाकातून दुर्बिणीने करता येते. तिचे यश रचनेच्या दोन-चार मिलिमीटरांवर अवलंबून असते: त्वचेखालची शीर टाळणे, पातळ अश्रु-अस्थीपासून सुरुवात करणे, खिडकी पुरेशी मोठी ठेवणे. पिशवीच समूळ काढून टाकण्याची जुनी शस्त्रक्रिया, डीसीटी, अतिवृद्ध आणि दुर्बल रुग्णांसाठी अजून उपयोगी आहे. तिने पू थांबतो, पाणी थांबत नाही, आणि हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर तो ‘ऑपरेशन फसले’ असे म्हणतो व त्यात त्याची चूक नसते.

वर्धा शहरालगत सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, अशी दोन शिक्षणरुग्णालये या एका जिल्ह्यात आहेत. म्हणजे वर वर्णिलेली प्रत्येक तपासणी आणि शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेर न जाता होऊ शकते. अंतर उरते ते समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातल्या घराचे आणि या रुग्णालयांचे, आणि ते कापायला निघण्यासाठी आपला न दुखणारा डोळा आजारी आहे हे आधी कळावे लागते.

हा ग्रंथ नेत्रशल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला असला, तरी त्याचे पहिले प्रकरण गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्यांनीही वाचावे अशी विनंती आहे. मोतीबिंदूसाठी नाव नोंदवलेल्या किंवा डोळा गळतो असे सांगणाऱ्या व्यक्तीच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर, हाडाच्या कडेच्या आत, स्वच्छ बोटाने हलकेच दाबावे आणि रंध्राकडे पाहावे. तेथे पू किंवा चिकट पाणी वर आले, तर त्या व्यक्तीला मोतीबिंदूच्या यादीत ठेवण्यापूर्वी नेत्रविभागात पाठवावे, आणि चिठ्ठीवर कोणत्या डोळ्यात काय दिसले ते लिहावे.